घरचा फ्लाइट सिम्युलेटर आणि खरं पायलट ट्रेनिंग: घरी काय शिकायचं आणि विमानासाठी काय राखून ठेवायचं

जानेवारी २०२३ मध्ये मोपाचा विमानतळ सुरू झाला तेव्हापासून आमच्या पेडण्यात विमानाचा आवाज आला की पोरं अंगणात पळत येतात. त्यातली दोन-चार पोरं आता बारावीला पोचलीत आणि भेटली की मला एकच विचारतात, दादा मी घरी कम्प्युटरवर दोनशे तास विमान उडवलंय, त्याचा पायलट व्हायला काही उपयोग होईल का. दर वेळी तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहूनच टाकतो.

आधी हिशेब. तुमच्या लॉगबुकात, म्हणजे उडालेल्या तासांच्या वहीत, त्या दोनशे तासांची किंमत शून्य. डीजीसीए, म्हणजे विमानवाहतुकीवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं, त्याच्या नियमानं कमर्शियल लायसन्सला २०० तास फ्लाइंग लागतं, त्यात १०० तास पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन, त्यातच ५० तास क्रॉस-कंट्री, म्हणजे एका ठिकाणाहून लांब दुसरीकडे, रात्रीचे ५ तास, आणि इन्स्ट्रुमेंटचे, म्हणजे बाहेर न बघता नुसत्या इन्स्ट्रुमेंटांवर उडायचे, १० तास. या शेवटच्या दहातले जास्तीत जास्त ५ तास सिम्युलेटरवर चालतात, पण तो डीजीसीएनं मान्यता दिलेला सिम्युलेटर, आपल्या टेबलावरचा नाही. म्हणजे कागदावर काही मिळत नाही, जे मिळायचं ते डोक्यात मिळतं. आणि ते बरोबर मिळालं तर खूप आहे, कारण विमानाच्या एका तासाचं बिल आपल्याकडे पाच आकडी येतं, आणि जी गोष्ट खुर्चीत बसून फुकट शिकता आली असती ती तुम्ही इंजिन चालू ठेवून शिकत बसलात तर बापाचे पैसे पंख्यातून उडून जातात.

मी स्वतः तीन वर्षं घरी सिम उडवून मग गोव्याबाहेर जाऊन प्रायव्हेट लायसन्सचं ट्रेनिंग घेतलं. पहिल्या दिवशी कॉकपिटमध्ये बसलो तेव्हा कुठला स्विच कुठं आहे, चेकलिस्ट कशी चालते, रेडिओवर काय बोलायचं हे सगळं मला येत होतं, सर खूश झाले. विमान हवेत गेलं आणि दहा मिनिटांत त्यांनी चार वेळा सांगितलं, बाहेर बघ. मी बघायचो, आणि दोन सेकंदांत नजर परत घड्याळांवर, म्हणजे समोरच्या इन्स्ट्रुमेंटांवर. शेवटी त्यांनी वहीची पानं फाडून सगळी इन्स्ट्रुमेंट झाकली आणि म्हणाले आता उडव. उंची शंभर-दीडशे फूट वरखाली होत होती, विमान एका अंगाला कलंडतंय हे मला कळतही नव्हतं. ती सवय सुटायला मला सहा-सात तास गेले, आणि ती सवय मला सिमनं लावलेली होती, कारण घरच्या स्क्रीनवर खिडकीबाहेर बघण्यासारखं फारसं काही नसतंच, सगळी माहिती त्या घड्याळांतूनच मिळते.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. क्रम, हिशेब, बोलणं आणि निर्णय या गोष्टी घरी शिकायच्या, आणि हात, नजर, अंगाला जाणवणारी हालचाल या गोष्टी विमानासाठी ठेवायच्या. पुढचं सगळं त्याच हिशेबानं लिहितोय.

सगळ्यात आधी मेडिकल

जॉयस्टिक घ्यायच्या आधी क्लास २ मेडिकल करून घ्या. डीजीसीएच्या वेबसाइटवर मान्यता असलेल्या डॉक्टरांची यादी आहे. रंग ओळखण्यात दोष असेल, किंवा आणखी काही निघालं, तर ते आज कळलेलं बरं, दहा लाख भरल्यावर नको. चष्मा असला म्हणजे संपलं असं मात्र नाही, नजर चष्म्यानं दुरुस्त होत असेल तर चालतं. कमर्शियलसाठी पुढे क्लास १ लागतंच. बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स हवं, नसेल तर ओपन स्कूलमधून ते दोन विषय करता येतात. स्टुडंट लायसन्स सोळाव्या वर्षी मिळतं, प्रायव्हेट सतराव्या, कमर्शियल अठराव्या.

सामान

इथं लोक नको तेवढा खर्च करतात. साधी तीन-चार हजारांची जॉयस्टिक पुरते, योक, म्हणजे विमानातलं स्टिअरिंगसारखं हँडल, हवाच असं नाही. पैसे जास्त असतील तर ते रडरच्या, म्हणजे नाक डावीउजवीकडे वळवणाऱ्या शेपटीवरच्या पट्टीच्या, पायातल्या पेडल्सवर घाला, दुसऱ्या मॉनिटरवर नको. कारण जॉयस्टिक पिळून रडर दिला की पाय काही शिकत नाहीत, आणि खऱ्या सेस्नामध्ये, म्हणजे ट्रेनिंगच्या छोट्या विमानात, टेकऑफला फुल पॉवर दिली की नाक डावीकडे ओढतं आणि उजवा पाय द्यावाच लागतो, तो पाय ज्याला आधीपासून ठाऊक आहे तो पोरगा धावपट्टीवर सरळ पळतो.

सॉफ्टवेअरमध्ये मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर बघायला सुंदर, आपलं गाव ओळखू येतं, आणि ते नेव्हिगेशनच्या सरावाला खरंच कामाचं आहे. एक्स-प्लेन १२ विमानाच्या वागण्यासाठी मला जास्त पटतं. कम्प्युटर जुना असेल तर फ्लाइटगिअर फुकट आहे आणि शिकण्यापुरतं भरपूर आहे. आणि एक यूपीएस घ्या, आमच्याकडे जून-जुलैत लायट कधी जाईल सांगता येत नाही.

सेटिंग्ज, ज्या कोणी बघत नाही

पहिल्या दिवशी अर्धा तास यालाच द्या. सगळे असिस्ट, म्हणजे सॉफ्टवेअर तुमच्या वतीनं करतं ती मदत, बंद करा, ऑटो-रडर तर आधी बंद. बाहेरून विमान दिसणारा कॅमेरा वापरायचाच नाही, विमान तुम्हाला आयुष्यात पायलटच्या सीटवरूनच दिसणार आहे. सीटची उंची अशी लावा की समोर डॅशबोर्डच्या वर क्षितिज स्क्रीनच्या साधारण मधोमध येईल. पॉजचं बटण काढून टाका, हे मी मनापासून सांगतो, कारण विमानात काही बिनसलं की विचार करायला वेळ मिळतो तो विमान उडवता उडवताच.

विमान एकच घ्या. तुमच्या ट्रेनिंगच्या शाळेत जे असेल ते, बहुतेक सेस्ना १७२ नाहीतर १५२. एअरबस उडवायचा मोह होतो, मलाही झाला होता, पण ३२० चा ऑटोपायलट लावता येणं आणि विमान उडवता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुम्हाला आधी दुसरी लागणार आहे.

आठवडा पहिला आणि दुसरा: इंजिनही सुरू करू नका

विमानाची चेकलिस्ट छापून घ्या, कागदावर, स्क्रीनवर नको. प्रत्येक ओळ मोठ्यानं म्हणायची, त्या वस्तूला बोट लावायचं, मग पुढची. पंधरा मिनिटं रोज. दोन आठवड्यांत हात आपोआप जातात. मग वेग पाठ करा. १७२ एस मॉडेलसाठी सांगतो, नाक उचलायचा वेग ५५ नॉट (नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल), चढताना ७४, इंजिन बंद पडलं तर तरंगायचा वेग ६८, पहिला फ्लॅप, म्हणजे पंखामागच्या खाली येणाऱ्या पट्टीची पहिली पायरी, ११० च्या खाली, पुढचे ८५ च्या खाली. रन-अपला, म्हणजे उडण्याआधीच्या इंजिन तपासणीला, १८०० आरपीएम, इंजिनाला ठिणगी देणाऱ्या दोन मॅग्नेटोंतला एक बंद केल्यावर आरपीएम १५० पेक्षा जास्त पडता कामा नये आणि दोन्हींतला फरक ५० च्या आत. तुमच्या शाळेतल्या विमानाचे आकडे वेगळे असतील, तेव्हा त्याचंच मॅन्युअल मागून घ्या आणि तेच पाठ करा.

मग उडा, पण घड्याळं झाकून

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे म्हणून जरा लांबवतो. वहीचा पुठ्ठा कापून स्क्रीनच्या खालच्या भागावर लावा, फक्त आरपीएमचं घड्याळ उघडं ठेवा. आता क्षितिज डॅशबोर्डच्या किती वर आहे ते बघा, आणि ते तिथंच ठेवायचा प्रयत्न करा. दोन मिनिटांनी पुठ्ठा उचला, उंची किती बदलली बघा, परत लावा. पॉवर अमुक आणि नाक अमुक जागी असेल तर विमान अमुक वेगानं जातं, घड्याळ फक्त ते खरं की खोटं एवढं सांगायला असतं. तुमच्या सिममधल्या विमानाचा असा तक्ता स्वतः बनवा, चढताना, सरळ जाताना, उतरताना, कुठल्या आरपीएमला नाक कुठं आणि वेग किती. मी तीन वर्षांत हे एकदाही केलं नव्हतं, आणि ते सहा-सात तास त्याच्यातच गेले.

ट्रिमबद्दल मात्र सावध राहा. खऱ्या विमानात तुम्ही योक दाबून धरलेला असतो, हातावर वजन येतं, ट्रिमचं चाक फिरवत गेलं की योक त्याच जागी राहतो आणि फक्त ते वजन निघून जातं. घरच्या जॉयस्टिकला स्प्रिंग असते, ती नेहमी मधे यायला बघते, त्यामुळे तिथं ट्रिम करताना जॉयस्टिक हळूहळू मधे सोडावी लागते. म्हणजे हात अगदी वेगळी गोष्ट शिकतो. घरी एवढंच पक्कं करा की नाक आधी जागेवर आणायचं आणि मग ट्रिम करायचं, ट्रिमच्या चाकानं विमान उडवायचं नाही. बाकीचं हाताला विमानातच कळेल.

सर्किट

टेकऑफ, डावीकडे वळण, धावपट्टीला समांतर परत, आणि उतरणं, याला सर्किट म्हणतात आणि सोलोच्या, म्हणजे पहिल्यांदा एकट्यानं उडायच्या, आधी तुम्ही हेच करणार आहात, शंभर वेळा. घरी याचा क्रम पक्का करा. धावपट्टीपासून १००० फूट उंचीवर समांतर जायचं, धावपट्टीचा उंबरठा, म्हणजे उतरायचं टोक, बाजूला आला की पॉवर १५०० च्या आसपास, वेग ११० च्या खाली असेल तर पहिला फ्लॅप, बेसवर, म्हणजे धावपट्टीकडे वळायच्या आडव्या टप्प्यात, दुसरा आणि ७० नॉट, फायनलला, म्हणजे धावपट्टीच्या सरळ रेषेत आल्यावर, तिसरा आणि ६५. फायनलवर धावपट्टीच्या बाजूच्या, उतरायचा कोन दाखवणाऱ्या पापी लाइट्स दोन पांढऱ्या दोन लाल दिसायला हव्यात. उतरण्याचा दर काढायला जमिनीवरचा वेग गुणिले पाच, म्हणजे ९० नॉट असेल तर मिनिटाला ४५० फूट. सहावीतलं गणित आहे पण फायनलवर डोकं बंद पडतं तेव्हा तेही सुचत नाही, म्हणून घरी घोकायचं.

शेवटचे वीस फूट, जिथं नाक हळूच उचलून विमान बसवायचं, ते घरी शिकायचा नाद सोडा. सपाट स्क्रीनवर खोली कळत नाही, डोळ्यांच्या कडेनं जमीन वर येताना दिसत नाही, बुडाखाली विमान सैल पडल्याचं जाणवत नाही. पोरं घरी दर वेळी धप्पकन उतरतात आणि निराश होतात, आणि उलट काहींना घरी मस्त जमतं आणि विमानात अजिबात नाही. दोघांनीही मनावर घेऊ नये. घरी वीस फुटांवरून गो-अराउंडचा, म्हणजे उतरणं सोडून परत वर जायचा, सराव करा, पूर्ण पॉवर, नाक वर, फ्लॅप एकेक पायरीनं, हा सराव फार कमी लोक करतात आणि विमानात तो सगळ्यात घाईचा प्रसंग असतो.

रेडिओ

आमच्या पोरांची खरी भीती इथं असते. घरी कोकणी, शाळेत मराठी, आणि अचानक कानात भराभर इंग्रजी. सुरुवातीला एकट्यानं मोठ्यानं बोलून सराव करा. प्रत्येक वेळी तोच क्रम: कोणाला बोलावतोय, मी कोण, कुठं आहे, काय हवं. टॉवरनं सांगितलेली धावपट्टी, उंची, हेडिंग (जायची दिशा), क्यूएनएच (उंचीच्या घड्याळात लावायचा हवेचा दाब), ट्रान्सपाँडरचा, म्हणजे रडारवर विमानाची ओळख दाखवणाऱ्या यंत्राचा, आकडा आणि प्रत्येक परवानगी परत म्हणून दाखवायची असते, नुसतं रॉजर चालत नाही. नऊला नाइनर, पाचला फाइफ, तीनला ट्री. ट्रान्सपाँडरच्या ७५००, ७६००, ७७०० या आकड्यांचे अर्थ झोपेतून उठवून विचारले तरी यायला हवेत, अपहरण, रेडिओ बंद, आणीबाणी.

थोडं जमायला लागलं की व्हॅटसिम या इंटरनेटवरच्या नेटवर्कवर जा, तिथं जगभरातले लोक हौसेनं कंट्रोलर बनून बसतात, फुकट आहे. चुकलं तर कोणी खात नाही. लायसन्सला पुढे रेडिओची आरटीआर परीक्षा असतेच, तिथं हे सगळं कामाला येतं.

आपल्याच गोव्यावरून नेव्हिगेशन

दाबोळीहून मोपा सरळ उत्तरेला साधारण २२ नॉटिकल मैल. १०० नॉटनं गेलं तर तेरा मिनिटं. जीपीएस बंद करा, नकाशा आणि मनगटावरचं घड्याळ घ्या. धावपट्टी २६ वरून समुद्राकडे उडा, उजवीकडे वळा, मुरगाव बंदर, जुवारीचं मुख, दोना पावला, मांडवीचं मुख, आग्वादचा किल्ला, शापोराचा किल्ला, प्रत्येक ठिकाणी वेळ लिहा आणि ठरवलेल्या वेळेशी ताडून बघा. वारा किती आणि कुठून आहे ते तुम्हाला या फरकावरून कळतं. साठात एक हा नियम वापरा, ६० मैल गेल्यावर एक मैल बाजूला असाल तर हेडिंग एक अंशानं चुकतंय.

हे जमलं की मोपाहून सिंधुदुर्गातल्या चिपीचा विमानतळ, वायव्येला २५ मैलांच्या आसपास. आणि मग दाबोळी ते बेळगाव, पन्नास-पंचावन्न मैल, पण इथं मधे सह्याद्री आडवा आहे. आमचा सोंसोगोर डोंगर ११६६ मीटर, म्हणजे ३८०० फुटांच्या वर, आणि बेळगावचा सांब्र्याचा विमानतळ स्वतःच अडीच हजार फुटांच्या आसपास उंचीवर. सर्किटची उंची तिथं तुमच्या घड्याळात साडेतीन हजार दाखवते आणि पोरं हमखास तिथं चुकतात, दाबोळीचाच आकडा डोक्यात घेऊन येतात. शिवाय उंचीवर गरम दुपारी हवा पातळ, विमान धावपट्टीवर जास्त पळतं आणि चढतं हळू. हे घरी बघून घ्या.

एक गोष्ट लक्षात ठेवा, खरं दाबोळी हा नौदलाचा आयएनएस हंसा तळ आहे, तिथं कोणी हौशी सेस्ना घेऊन सर्किट मारत नाही. पण बोगमाळोला नेव्हल एव्हिएशन म्युझियम आहे ते जरूर बघून या, १९९८ पासून आहे, तिथं सुपर कॉन्स्टेलेशनसारखं मोठं विमान जवळून बघितलं की स्क्रीनवरच्या विमानाच्या आकाराचा अंदाज किती चुकतो ते कळतं.

पावसाळ्यात आणखी एक सराव. रोज सकाळी गोव्याचा मेटार, म्हणजे विमानतळाचा हवामान अहवाल, वाचा, ढग, दृश्यता, वारा, आणि खिडकीतून बाहेर बघून तो खरा आहे का पडताळा. मग ठरवा, आज उडायचं की नाही. ढगांबाहेर राहून उडायला ५ किलोमीटर दृश्यता आणि ढगांपासून आडवं १५०० मीटर, उभं १००० फूट अंतर लागतं. जुलैत बहुतेक दिवशी उत्तर नाही असंच येईल, आणि मग सिम चालू करायचा नाही. हे करायला जड जातं. पण नाही म्हणायची सवय घरी लागली तर ती पुढे जीव वाचवते.

इंजिन बंद

कोणाला तरी, भावाला नाहीतर बहिणीला, सांगा की कधीही येऊन थ्रॉटल मागे ओढ. आपण स्वतः ओढलं तर सराव होत नाही. ६८ नॉट आधी, मग जागा निवडायची, मग फ्युएल सिलेक्टर, मिक्श्चर, पंप, मॅग्नेटो, मग मेडे, म्हणजे रेडिओवर मदतीची हाक. आपल्याकडे जागा शोधणं सोपं नाही, माडांची बनं, खाजनातला चिखल, खाणींचे खड्डे. भाताची शेतं जानेवारीत कोरडी, ऑगस्टमध्ये पाण्यात. जांभ्याचे सडे लांबून सपाट दिसतात पण दगड असतात. गोव्यावर उडताना दर दोन मिनिटांनी स्वतःला विचारा, आत्ता बंद पडलं तर कुठं.

जे घरी कधीच मिळत नाही

शरीर. वळणात अंग सीटमध्ये दाबलं जातं, स्टॉलच्या, म्हणजे पंखांची उचल सुटायच्या, आधी विमान थरथरतं, दुपारच्या उन्हात गचके बसतात, हेडसेटमध्ये घाम येतो, शेजारी सर गप्प बसलेले असतात आणि तुम्हाला माहीत असतं की ते बघतायत. ढगात शिरलं की कानातला तोल खोटं सांगायला लागतो, विमान सरळ असताना वळतंय असं वाटतं, आणि त्या खोट्यावर विश्वास न ठेवता घड्याळांवर ठेवायचा असतो. घरच्या खुर्चीत अंग खोटं बोलतच नाही, म्हणून ही लढाई तिथं होत नाही.

पण इन्स्ट्रुमेंटचा क्रम आणि नजर फिरवायची पद्धत घरी फार सुंदर बसते, आणि ते साहजिकच आहे. १९२९ मध्ये अमेरिकेत एडविन लिंकनं पहिला ट्रेनर बनवला, बापाचा ऑर्गन आणि पियानोचा कारखाना होता, त्यातलेच भाते लावून त्यानं ती लाकडी पेटी हलवली. आमच्या चर्चमधला जुना ऑर्गन किंवा भजनातली पेटी ज्यानं उघडून बघितलीय त्याला हे लगेच कळेल. त्या यंत्राला कोणी फारसं विचारत नव्हतं, मग १९३४ मध्ये अमेरिकन सैन्याची विमानं टपाल नेताना खराब हवेत पडायला लागली आणि सैन्यानं सहा ट्रेनर विकत घेतले. तेव्हापासून ढगातलं फ्लाइंग हेच या यंत्राचं खरं घर आहे.

ट्रेनिंग सुरू झाल्यावर

नियम एकच ठेवा, सरांनी विमानात दाखवलेली गोष्टच घरी करायची, त्याच्या पुढची नाही. सोलो होईपर्यंत लँडिंगचा सराव सिमवर बंद. प्रत्येक फ्लाइटनंतर वहीत तीन ओळी लिहा, कुठं अडलं, सर काय म्हणाले, पुढच्या वेळी पहिलं काय करायचं, आणि त्या तीन ओळींवरच वीस मिनिटं काम करा. तीन तास बसण्यात काही नाही.

होस्टेलवर जाताना जॉयस्टिक घरी ठेवा. त्याऐवजी कॉकपिटचा मोठा फोटो छापून घ्या, पलंगासमोर भिंतीला लावा, खुर्ची ओढून समोर बसा आणि उद्याची फ्लाइट चेकलिस्टसकट, रेडिओसकट, पहिल्यापासून शेवटपर्यंत उडवा. इन्स्ट्रुमेंटचे तास जवळ आले की घरी फोन करा आणि जॉयस्टिक बसच्या पार्सलनं मागवून घ्या. पेडल्सही सोबत पाठवायला सांगा.